वाढत्या अंगाची रायफल नको

शाळेचा गणवेश शिवताना आपण शिंप्याला सांगतो, खाली दोन बोटे कापड जास्त मुडपून ठेवा. सायकल घेताना म्हणतो, आज टाच टेकत नसली तरी पुढच्या वर्षी टेकेल. भाईंदरच्या आमच्या घरात सगळी मुले याच हिशेबाने वाढली. बहिणीच्या अकरा वर्षांच्या मुलाला नेमबाजीची ओढ लागली तेव्हा मी त्याला एअर रायफलही तशीच आणून दिली. मोठ्या माणसाच्या मापाची, ‘पुढे कामाला येईल’ अशी. तीन महिन्यांत मुलाची मान एका बाजूला कलायला लागली. कंबर दुखते म्हणून रविवारी रेंजवर जायची टाळाटाळ सुरू झाली. एका जुन्या प्रशिक्षकांनी त्याला रायफल घेऊन उभे राहायला सांगितले, अर्धा मिनिट पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “पोरात काही दोष नाही. बंदूक मामाच्या मापाची आहे.”

त्या दिवसापासून जे शिकलो ते मुलाला पहिली रायफल घेऊन देणाऱ्या आईवडिलांसाठी, काका-मामा-आत्यांसाठी इथे मांडतो आहे.

आजोबांची बंदूक

मीरा रोड-भाईंदरमध्ये कोकणातून आलेली घरे पुष्कळ. त्यांतल्या अनेकांना गावच्या भिंतीवर टांगलेली ठासणीची बंदूक आठवते. भातात रानडुकरे शिरायची म्हणून शेतीसंरक्षणाचा परवाना असायचा, आणि त्या बंदुकीबरोबर शिकारीच्या गोष्टीही यायच्या. अमेरिकेत आजही बाप मुलासाठी हरणाच्या शिकारीची रायफल निवडतो, तिचा दस्ता मुलाच्या मापाने कापून घेतो. तिथे शिकारीचा हंगाम ठरलेला असतो आणि तिचे परवाने मिळतात.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट बंद केली, आणि योग्यच केले. आपले शहर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून आहे. काशीमिरा, घोडबंदरच्या बाजूला बिबट्या वस्तीजवळ दिसतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. मुलांना एक गोष्ट मात्र वेगळी समजावून सांगावी लागते. छर्ऱ्याच्या बंदुकीने पोपट पाडणे हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे. खाडीवर येणारे रोहित, मिठागरांतले बगळे यांच्याकडे नळी वळवायची नाही, गंमत म्हणूनही नाही. हे रायफल हातात देण्याआधी सांगायचे, नंतर नव्हे.

आजोबांची बंदूक अजून घरात असेल तर तीही नातवाच्या हातात जाता कामा नये. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेल्यावर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाने ठेवायचे ठरवले तर स्वतःच्या नावाने अर्ज करावा लागतो.

परवाना कधी लागतो

मुलांची सुरुवात होते ती १० मीटर एअर रायफलने. तिची नळी ४.५ मिलिमीटरची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार या मापाची आणि २० जूलच्या आतल्या ताकदीची हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल यापेक्षा पुष्कळ कमी, साधारण साडेसात जूल ताकदीची असते. पण साडेसात जूल डोळा कायमचा घालवायला पुरेसे आहेत. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणे ठरत नाही. खरेदी घरातल्या मोठ्या माणसाच्या नावावर करा आणि पावती जपून ठेवा. भाईंदरहून लोकलने रेंजवर जाताना रेल्वे पोलिसांनी पेटी उघडायला सांगितली तर पावती, ओळखपत्र आणि क्लबचे पत्र जवळ असले म्हणजे मूल घाबरत नाही.

पुढची पायरी .२२ रायफलची. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांनी कांस्यपदक जिंकले ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, याच .२२ रायफलने. ती अग्निशस्त्रात मोडते. स्वतःच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते. खेळाडूंना प्रशिक्षणासाठी त्याआधीची सवलत नियमांत आहे, पण तो रस्ता क्लब आणि रायफल असोसिएशनमधूनच जातो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या घरी त्याचा विचारही आज करू नये.

आधी रेंज, मग दुकान

पहिले चार-सहा महिने मुलाला रेंजवरच्या रायफलने शिकू द्या. दादरला शिवाजी पार्कसमोर सावरकर स्मारकात रायफल रेंज आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत ऑलिंपियन सुमा शिरूर शिकवतात, पण भाईंदरहून ते रोजचे अंतर नाही. घराजवळ कुठे १० मीटरची खासगी रेंज असेल तर तिथे जाऊन तीन गोष्टी पाहा. सगळ्यांच्या नळ्या एकाच दिशेला आहेत का, गोळी भरलेली नसताना नळीत भडक रंगाची सुरक्षा-दोरी घातलेली दिसते का, आणि लक्ष्याकडे कोणी गेल्यावर सगळ्या रायफली खाली ठेवल्या जातात का. यांतले एक जरी नसेल तर फी कितीही कमी असो, परत फिरा.

अंजली भागवत यांच्या हातात रायफल आली ती कॉलेजात, एनसीसीमुळे, आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या होत्या. उशीर झाला या धास्तीने दहाव्या वर्षी लाखांची रायफल घेण्याचे काही कारण नाही.

वजनाचा हिशेब

नियमाप्रमाणे १० मीटर एअर रायफलचे वजन ५.५ किलोच्या वर जाता येत नाही. ही वरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. मोठ्यांच्या स्पर्धेत पात्रता फेरीला ६० गोळ्या असतात आणि त्यासाठी सव्वा तास मिळतो. ५ किलोची रायफल ६० वेळा उचलली की ३०० किलो झाले. सरावाच्या गोळ्या आणि नेम जमला नाही म्हणून खाली घेतलेल्या खेपा यात धरलेल्या नाहीत. ३० किलोच्या मुलाच्या अंगावर हा भार पडतो तेव्हा तो स्नायूंवर राहत नाही, मणक्यावर जातो. कारण उभ्याने नेम धरताना नेमबाज कमरेतून मागे झुकतो आणि थोडा वळतो, आणि रायफलचे वजन हाडांच्या आधारावर सोडून देतो. मोठ्यांचा कणा हे सोसतो. वाढत्या कण्याला ते जपून द्यावे लागते.

म्हणून लहान मुलासाठी साडेतीन ते चार किलोची ज्युनियर रायफल पाहावी. परदेशी कंपन्यांत वाल्थर, फाइनवेर्कबाउ, आन्शुट्झ यांची ज्युनियर मॉडेल्स मिळतात. भारतात प्रीसीहोलच्या रायफली बनतात. आणि सुरुवातीला मुलाने उभ्याने सगळा भार पेलावा असा आग्रहच धरू नये. बसून, नळीखाली टेका देऊन नेम आणि ट्रिगर आधी शिकता येतो. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक वेळा प्रकाशकिरणाच्या बंदुकीवर शिकवतात, तिच्यातून छर्रा सुटतच नाही. त्या देशाने इतके विजेते घडवले तरी त्यांना घाई नाही, हे आपण लक्षात घ्यावे.

बटची लांबी

माझी चूक इथेच झाली होती, म्हणून इथे जरा थांबतो.

मुलाला स्टुलावर ताठ बसवा. रायफल रिकामी असल्याची खात्री दोघांनी करा. ज्या हाताने ट्रिगर ओढणार तो हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. बटप्लेट, म्हणजे दस्त्याचे खांद्याला टेकणारे मागचे टोक, कोपराच्या आतल्या खळगीत, दंडाला टेकवा आणि पंजा पकडीवर येऊ द्या. तर्जनीच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर सहज पडली पाहिजे. बोट ताणावे लागले तर बट लांब आहे. दुसरे पेर ट्रिगरवर आले तर आखूड आहे. हे पहिले माप. शेवटचे माप उभ्यानेच ठरते.

बट लांब असली की मूल काय करते ते पाहण्यासारखे आहे. ते तक्रार करत नाही, शरीर मोडून घेते. खांदा मागे नेते, पाठीची कमान करते, आणि डोळा पीपपर्यंत, म्हणजे मागच्या साइटच्या छिद्रापर्यंत, पोचावा म्हणून मान पुढे काढून तिरकी करते. पुढचा हात लांब ताणला गेल्याने कोपर कमरेच्या हाडावर टेकत नाही, हवेत राहते. मग सगळे वजन दंडावर येते आणि नळी थरथरते. आपण म्हणतो, पोराचा हात स्थिर नाही. माझा भाचा तीन महिने हेच ऐकत होता. प्रशिक्षकांनी बटमधले दोन पत्रे काढले, बटप्लेट खाली सरकवली, आणि त्याच दिवशी त्याची मान सरळ झाली.

चांगल्या ज्युनियर रायफलमध्ये बट मागे-पुढे होते, बटप्लेट वर-खाली होते आणि थोडी फिरतेही. मुलाची मान आखूड की लांब, खांदे उतरते की चौकोनी, यावर तिची जागा ठरते. बटप्लेट खाली घेतली की रायफल वर येते. मान वाकवून डोळा रायफलपाशी न्यायचा नसतो, रायफल डोळ्यापाशी आणायची असते. दुकानात रायफल हातात घेतली की आधी हे स्क्रू शोधा. जिची बट बदलतच नाही ती वाढत्या मुलासाठी घेऊ नये, मग नळी कितीही नामांकित असो.

गाल आणि डोळा

मुलाला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा. डोके आपल्या वजनाने गालपट्टीवर टेकू द्या, दाबायचे नाही. आता डोळे उघडायला सांगा. मागच्या साइटच्या गोलात पुढच्या साइटचा गोल मधोमध दिसला तर गालपट्टी बरोबर आहे. डोळा साइटच्या वर राहिला तर पट्टी खाली घ्या, खाली राहिला तर वर. पाच वेळा करून पाहा. डोळ्यापासून मागची साइट साधारण चार-पाच बोटे दूर असावी. पापण्या टेकतील इतकी जवळ नको.

कोणता डोळा नेम धरतो हे रायफल घेण्याआधी तपासायचे असते. दोन्ही पंजे पुढे करून बोटांमध्ये छोटी त्रिकोणी फट करायची, तिच्यातून दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरचा दिवा पाहायचा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा फटीतच दिसत राहतो तो जोरकस. उजव्या हाताच्या मुलाचा डावा डोळा जोरकस निघाला तर प्रशिक्षकांशी बोलून निर्णय घ्या, कारण डावखुरी रायफल वेगळी येते आणि ती नंतर बदलणे महाग पडते. दुसरा डोळा मात्र आवळून मिटायला लावू नका. त्याने चेहरा ताणतो आणि नेम धरणारा डोळाही थकतो. नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावायला नियमात परवानगी आहे. अर्धपारदर्शक पट्टी सर्वांत बरी.

ट्रिगर

१० मीटर एअर रायफलमध्ये ट्रिगर किती हलका असावा याला खालची मर्यादा नाही. मोठे नेमबाज तो केसासारखा हलका ठेवतात आणि मुलांना तेच हवे असते. नवशिक्याला तो थोडा जड ठेवा. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तो सैल मागे येतो, मग एक थांबा लागतो, त्यानंतर गोळी सुटते. तो थांबा मुलाच्या बोटाला स्पष्ट कळला पाहिजे. तो कळत नसेल तर गोळी मुलाने सोडलेली नसते, सुटून गेलेली असते. ट्रिगरचे पाते पुढे-मागे सरकवून बोट सरळ मागे ओढले जाईल अशी जागा शोधा. बोटाची बाजू दस्त्याला घासत असेल तर प्रत्येक गोळी थोडी बाजूला जाते.

साइट लावणे

आपल्या राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांत नवशिक्यांसाठी ओपन साइटचा गट असतो आणि पीप साइटचाही. ही संघटना १९५१ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली, म्हणून तिच्या एका मोठ्या स्पर्धेला आजही त्यांचे नाव आहे. ओपन साइटने सुरुवात केली तर खर्च कमी आणि पाया चांगला होतो, असे माझे मत आहे.

पीपमध्ये पुढच्या साइटला गोल रिंग असते, तिच्यात लक्ष्याचा काळा ठिपका बसवायचा. तो ठिपका ३०.५ मिलिमीटरचा आणि मधला दहाचा बिंदू फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. लहान रिंग घेतली की नेम अचूक होईल असे मुलांना वाटते. होते उलटे. ठिपक्याभोवती पांढरी जागा उरली नाही की डोळा चाचपडत राहतो आणि मूल श्वास रोखून फार वेळ धरून ठेवते. चार मिलिमीटरच्या आसपासची मोठी रिंग लावा, भोवती पांढरे कडे स्वच्छ दिसू द्या.

साइटचे क्लिक फिरवण्याआधी पाच गोळ्या मारायच्या, त्यांचा पुंजका पाहायचा आणि पुंजक्याच्या मध्यावरून क्लिक ठरवायचे. प्रत्येक गोळीनंतर क्लिक फिरवणारे मूल स्वतःच्या थरथरीमागे धावत असते. पाच छिद्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात असतील, मग ती कोपऱ्यात का असेनात, तर मुलाला शाबासकी द्या. पुंजका मध्यावर आणणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पुंजका जमणे हे वर्षाचे.

पेलेट सपाट तोंडाचे घ्या, म्हणजे कागदावर गोल छिद्र पडते. ४.४९ आणि ४.५० असे बारीक फरक डब्यावर लिहिलेले असतात. नवशिक्याने त्यात पडू नये. पेलेट शिशाचे असतात, त्यामुळे सरावात खाणे नाही आणि घरी निघण्याआधी हात साबणाने धुणे, हे मात्र मोडू नये.

जॅकेट, आणि नवी की वापरलेली

कडक कॅनव्हासचे जॅकेट आणि पँट महाग असतात आणि मूल त्यांतून वर्षात बाहेर पडते. पहिले वर्ष साधा घट्ट स्वेटर, सपाट तळव्याचे बूट आणि हातमोजा पुरतो. जॅकेट घ्याल तेव्हा ते आजच्या मापाचेच घ्या. सैल जॅकेट आधार देत नाही.

वाढत्या मुलासाठी वापरलेली रायफल हा शहाणा पर्याय आहे, कारण रेंजवर कुणाचे तरी मूल नुकतेच मोठ्या रायफलवर गेलेले असते. घेताना हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. या सिलिंडरला साधारण १० वर्षांची मुदत असते आणि तो २०० बारपर्यंत भरला जातो. मुदत संपलेला सिलिंडर म्हणजे धोका, आणि स्पर्धेत तपासणीलाही तो अडतो. नवा सिलिंडर धरून किंमत ठरवा. स्प्रिंगची जुनी बंदूक स्वस्त मिळते, पण तिचा झटका आणि ती ताणायला लागणारी ताकद लहान हातांना पेलत नाही.

खाऱ्या हवेत, छोट्या घरात

उत्तनपासून खाडीपर्यंत आपली हवा खारी. जूनमध्ये रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवली आणि गणपतीत उघडली तर नळीवर तांबूस डाग दिसतात. फोम ओल धरून ठेवतो. रेंजवरून आले की घामाचे हात लागलेला भाग कोरड्या सुती कापडाने पुसा, धातूवर तेलाचा अगदी पातळ हात द्या, पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात आठवड्याला पेटी उघडून हवा लागू द्या. सिलिंडरच्या वॉल्व्हला मात्र तेल लावायचे नाही, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकते. हातपंपाने भरलेल्या हवेत ओल जाते, शक्यतो रेंजवरच्या कोरड्या हवेच्या टाकीतून भरून घ्या.

वन बीएचकेत १० मीटर नसतात, आणि गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये गोळी चालवायची नसते. घरी होतो तो रिकाम्या रायफलचा सराव. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, खिडकीचा पडदा ओढलेला, नळी भक्कम भिंतीकडे. ५ मीटरवर साधारण १५ मिलिमीटरचा काळा ठिपका चिकटवला की तो रेंजवरच्या लक्ष्याएवढाच दिसतो. रोज पंधरा मिनिटे नुसते धरणे, नेम आणि ट्रिगर. मोठे माणूस त्या वेळी खोलीत हवेच. सराव झाला की रायफल कुलपात आणि किल्ली मोठ्याच्या खिशात.

मापाची वही

आम्ही दर तीन महिन्यांनी दारामागच्या भिंतीवर भाच्याची उंची पेन्सिलीने खुणावतो आणि त्याच दिवशी रायफलचे माप घेतो. बट किती सेंटिमीटर, बटप्लेट कुठल्या रेघेवर, गालपट्टी किती वर, वजन किती, सगळे तारखेसकट वहीत. आता तो चौदाचा आहे. गेल्या वर्षी त्याची उंची भराभर वाढली आणि अचानक गुण घसरले, तेव्हा वही उघडली तर बटचे माप पाच महिने तसेच राहून गेले होते. काढून ठेवलेल्या दोन पत्र्यांपैकी एक पुन्हा बसवला. दुसरा अजून डब्यात आहे.